पंचवीस मिनिटांचा ढग

—नाही हो दादा, पाटीकडे असं बोट दाखवू नका, चुकीचं काही लिहिलेलं नाही. सरळ रेषेत एकशे ऐंशी किलोमीटर, आमच्या बारा खुर्च्यांच्या विमानाला पंचेचाळीस मिनिटं पुरतात, मान्य. आणि पाटी म्हणते एक तास दहा मिनिटं. मधली पंचवीस मिनिटं कुठं गेली? — सांगते, पण कुठं बोलायचं नाही. बसा. मघापासून नुसती मान हलवताय, घसा बसलाय का? मग बसाच. बाकीचे उतारू कधीच गेले आणि परतीचं विमान दुपारी.

मधे डोंगर आहे. डोंगरावर ढग असले की विमान तळ्यावरून वळसा घालतं — झाली पंचवीस मिनिटं. आणि ढग आहेत की नाहीत हे कोण सांगणार? विमान सोडणारा कारकून, खिडकीतून बघून. इकडून मी, तिकडून ते. ते म्हणजे तिकडचे कारकून हो. विमान उडालं की एकमेकांना फोन जोडायचा आणि ते टेकेपर्यंत ठेवायचा नाही, असा नियमच आहे — डोंगरामागे रेडिओ चालत नाही ना. आता पंचेचाळीस मिनिटांत माणूस बोलून बोलून काय बोलणार? हवा झाली, तब्येत झाली, माझ्या वहिनीच्या कुरापती सुरू होतात न होतात तोच ते रिसीव्हरवर पेन आपटणार — टक, टक, दोनदा, सवयच त्यांची — आणि म्हणणार, 'उतरलं, ठेवतो.' एकदा मीच कळवलं, ढग दिसताहेत. ऊन असं होतं की डोळे उघडवत नव्हते! दुसऱ्या दिवशी त्यांनाही ढग दिसले. नऊ वर्षं झाली दादा, तो ढग हललेला नाही. शेवटी वरच्या साहेबांनी पाटीच बदलली. पायलट? तो काय दुधखुळा आहे? पण तळ्यावरून उडायला त्यालाही आवडतं.

हसू नका. भेटलो नाही हो कधी. फुकटचा पास आहे मला, पण जाऊन म्हणू काय — 'आले'? वहिनी म्हणते, नुसत्या आवाजावर जीव टाकणारी तूच एक. जीवबीव काही नाही... बरं, आहे. आहे जीव. बेचाळिसाव्या वर्षी लाजायचं काय त्यात? पण आज सकाळी फोनवर भलताच कुणीतरी. म्हणे, 'ते रजेवर गेलेत, आणि ढग कसले? आभाळ स्वच्छ आहे' — आणि तुमचं विमान पंचेचाळीस मिनिटांत दारात! नऊ वर्षांत एक रजा न घेतलेला माणूस. बदली करून घेतली असणार, आणि मला एका शब्दानं सांगितलं नाही. रडू नाही आलं, राग आला. — खोटं बोलते, रडले. तुम्ही आत आलात तेव्हा तोंड धुऊन नुकतीच बसले होते.

असो. परतीचं तिकीट हवंय ना? हा फॉर्म, हे पेन. नाव वर, सामान खाली. अहो, लिहा ना, काउंटरवर टकटक काय करता —

...

पुन्हा करा बरं.

अगं बाई! आणि मी मघापासून दादा, दादा —! उठा. उठा आधी, बाहेर जाऊन उभे राहा. फॉर्म इथंच ठेवा, परतीचं नंतर बघू. हसताय काय? मला केस तरी विंचरू द्या!