बर्फाची पॅन्ट, एक नंबर मोठी

हॅलो? … हॅलो, कोण? … जोरात बोला, इकडे टीव्ही चालू आहे. … अहो, आवाज कमी करा ना थोडा. … हं, बोला. … अरे, विहीणबाई? तुमी होय. मले वाटलं अनिमेषचा फोन. शनिवारी याच वेळेस येते ना त्याचा, कॅनडातून. … नाही नाही, बोला ना.

हो, बरे आहोत. हे बरे, मी बरी. … गुडघा? चालून राहिला आपला. … निधी कशी आहे? … काल बोलली तुमच्याशी? … परवाबी? … नाही, माझ्याशी नाही बोलली. अनिमेष बोलते ना माझ्याशी, हप्त्यातून एकदा. … बरोबर आहे, नववा लागलेली पोट्टी आईशीच बोलन. सासूशी काय बोलन रोजरोज.

हं… हं… पॅन्ट? कायची पॅन्ट? … बर्फात घालायची. मंग मले काहून विचारून राहिल्या? … कोण म्हणे? … अनिमेष म्हणे, आईले विचारा, तिले सगळं माहीत आहे?

असं म्हणे का तो.

हो, माहीत आहे थोडंफार. … तुमी कुठून बोलून राहिल्या? … दुकानातूनच? भिलाईच्या? अन् व्याही, हरिदासभाऊ? … प्लांटमध्ये, ड्युटीवर. … परवा विमानात बसायचं अन् आज पॅन्ट घेऊन राहिल्या तुमी. … हो, व्हिसा उशिरा आला म्हणे तुमचा. माझा पासपोर्ट तं मागच्या दिवाळीपासून येऊन पडला आहे घरी. … असाच. असाच काढला होता. कामी येते म्हणून.

रायपुरात? छे. राजधानी होऊन सहा वर्षं झाली, पण सदर बाजारात बर्फाची पॅन्ट मागाल तं दुकानदार पाणी पाजून घरी पाठवन तुमाले. … हं, सांगा, कशी आहे? हातात धरा अन् मंग सांगा. … काळी. … चकचक करते. … पाणी टाकून पाह्यलं वरून? … निघून जाते. बरं. अन् आतून? … आतून म्हटलं, अस्तर कायचं आहे? … जाळीचं. … नुसती जाळी? मधात काही भरलेलं नाही? चिमटीत धरून पाहा बरं, फुगीर लागते का.

नाही लागत.

दुकानदार काय म्हणते? … शिमल्याचे लोक हेच घालतात म्हणते. … हं.

चालते ना. … हो, चालते. घेऊन टाका. … बिलकुल. तिथं घरात चोवीस तास हीटर राहते म्हणतात, बाहेर कोण जाते. … गरम राहीन ना, काहून नाही राहणार. … कोणता नंबर दाखवला त्यानं? … एम. … हो, तुमी बारीकच आहे. लग्नात सगळे म्हणत होते ना, नवरीची आई नाही, मोठी बहीण दिसते म्हणून. मी वरमाई, तं मले येऊन येऊन फक्त कढी कशी झाली ते विचारत होते.

नाही हो, रागानं कुठं बोलली. आवाजच असा आहे आज.

लाडू? … केले मीबी. डिंकाचे. म्हटलं पाठवू तुमच्यासोबत. … तुमीबी केले? … चार किलो? … मंग माझे काहून नेता, वजन होईन. राहू द्या. हे खातील. रिटायर झाल्यापासून पलंगावरच आहेत, तं बाळंतीण समजून देत जाईन त्याहिले. … ऐकू द्या ऐकलं तं.

पोचवायले? माना विमानतळावर? … नाही जमत. गुडघा आहे ना. … हो, आता चालून राहिला म्हटलं मी, पण घरातल्या घरात.

कोणाले वाईट वाटलं? मले? … निधी म्हणे? … नाही हो विहीणबाई. पहिलं बाळंतपण माहेरचंच राहते. मीच म्हटलं अनिमेषले. त्यानं विचारलं, आई, घर एवढंसं आहे, दोघीले बोलावता येत नाही, अन् निधी आईची आठवण काढून रडते, काय करू? मी म्हटलं, करायचं काय त्यात, तिच्याच आईले बोलाव. … हो, मीच. अनिमेषच्या वेळेस मी नव्हती का गेली भंडाऱ्याले, आईकडे? माझ्या सासूले बारशालेच दिसला पोट्टा. दारात उभी राहून कशी पाहत होती माझ्या आईकडे, मले आता समजून राहिलं. … मंग आता मी सासू झाली म्हणून कायदा कसा बदलू?

तोंडानं म्हटलं ना. … काही नाही. … काही नाही म्हटलं, लाइनमध्ये खरखर आहे.

बरं, ठेवू मंग? … बूट? बुटाचं मले नाही माहीत. अन् बूट कशाले पाहिजे, घरातच तं राहाल तुमी. … दवाखान्यात? कोण? … पाचव्या दिवशी. … हो, लहान लेकराची कावीळ पाहतात ते. तं अनिमेष नेईन ना. … त्याले सुट्टी नाही. … निधीले टाके राहतील, बरोबर. … मंग कोण?

तुमी?

तुमी घेऊन जाल. एकट्या. … बस स्टॉपपर्यंत पायी. … किती दूर आहे? … दहा मिनिटं. … अन् जानेवारीत किती राहते तिथं? … मले माहीत आहे किती राहते. वजा तीस.

विहीणबाई, ऐका. … ऐका ना. ती पॅन्ट खाली ठेवा. … नका घेऊ. … बांधली का त्यानं? सोडायले लावा. … हो, मी म्हटलं चालते. नाही चालत. जाळीचं अस्तर पावसात चालते, बर्फात नाही. … माहीत होतं मले. … हो, तेव्हाबी माहीत होतं.

काहून म्हटलं म्हणजे… जीव जळून राहिला होता माझा. तुमी उद्या तिथं त्याले मांडीवर घेऊन बसाल अन् मी इथं फोन पुसत बसन. म्हटलं, गारठल्या तं गारठू दे. … दोन मिनिटं आलं मनात. पण आलं, खोटं नाही सांगत. … पण त्या पायावर माझं नातवंड राहीन ना. पाय सुन्न पडले अन् घसरल्या तं?

हॅलो? … आहे का? … वाटलं तं शिव्या द्या.

रडू नका दुकानात. … रडून नाही राहिल्या? मंग काय हसून राहिल्या? फोनवर कळत नाही हो मले.

… तुमालेबी भीती वाटून राहिली? … कशाची, विमानाची? … हं… हं… झोप नाही आली तीन दिवस. … इंग्रजी नाही येत तं काय झालं, निधी आहे ना. मलेबी कुठं येते. … नाही, असं नका म्हणू. तुमीच जा. तिनं तुमाले बोलावलं आहे. मी गेली असती तं तिनं कमर दुखते म्हणूनबी सांगितलं नसतं मले. लाजेनं.

थांबा. फोन ठेवू नका. … अहो. … अहो, ते लोखंडी कपाट उघडा. खालचा कप्पा, रजईच्या खाली निळी पिशवी आहे. … हो, तीच. हसू नका अन् आणा इकडे.

आहे एक माझ्यापाशी. … पॅन्ट. … हो, असलीच, बर्फाची. … मागच्या थंडीत घेतली. ते तिबेटी स्वेटरवाले बसतात ना दरवर्षी, त्याहिच्यापाशी. महिनाभर फेऱ्या मारल्या, तेव्हा कुठं त्या बाईनं मागवून दिली. … अनिमेष दोन वर्षांपासून बोलावून राहिला होता ना मले. पाच पानं पाठवली होती त्यानं, कशी पाह्यजे, कशी नको. ह्याहिनी सायबर कॅफेतून काढून आणली. पाठ झाली मले.

तुमाले कसं माहीत राहीन. मी कोणाले सांगितलंच नाही. … हो, म्हणून पासपोर्ट.

एकदाच घातली. मे महिन्यात. निधीची बातमी आली ना, त्याच दिवशी. … कूलरसमोर. … पाच मिनिटं. घामाघूम झाली, हे म्हणे डॉक्टर बोलावू का. … हसा, हसा.

हं, आली हातात. ऐका आता. चिमटीत धरली तं बोटभर फुगते, आत भरलेलं आहे ना सगळं. शिवणीवर आतून पट्टी आहे, पाणी शिरत नाही. घोट्यापाशी आत आणखी एक रबराचा घेर आहे, तो बुटावरून ओढून घ्यायचा. … खांद्यावरून पट्टे आहेत. … बाथरूमले जायचं असलं तं पहिले जॅकेट काढा, मंग पट्टे. अन् घाई लागायच्या आधी जा. … अनुभव आहे म्हणून सांगून राहिली.

एल नंबर. … नाही, मोठी नाही होणार. एक नंबर मोठीच पाह्यजे असते. आतून गरम पायजमा येते, अन् मधात थोडी हवा राहायले पाह्यजे, तीच गरम ठेवते. घट्ट घातली तं काही फायदा नाही. … सुती नका घालू आतून. सुती घाम धरून ठेवते, मंग तेच थंड लागते. … घालून एकदा उकिडवं बसून पाह्यजा. गुडघ्यात ताणली नाही तं बरोबर आहे.

साडी? वरून? … नाही. … मी नेसून पाह्यली होती ना. गादीले चादर गुंडाळल्यासारखं दिसते. … नाही घातली तुमी कधी पॅन्ट, तं मी कुठं घातली होती. तिथं कोण पाहते आपल्याले. पाहतील ते लेकराले पाहतील.

एक मिनिट. खिशात काही आहे.

… थांबा, काढून पाहते. … मनगट्या. काळ्या मण्यांच्या, मधात एकेक सोन्याचा मणी. त्याच हप्त्यात आणल्या होत्या सदर बाजारातून. म्हटलं ही पॅन्ट काही सामानात नाही टाकणार, हातातच राहीन, तं खिशात सुरक्षित राहतील. … विसरलीच होती मी.

राहू देते खिशातच. चेन लावून देते. बाराव्या दिवशी घालजा त्याले. … तुमीबी केल्या? … हं. … कराच तुमी, आजी आहे तुमीबी. … मंग असं करा, एका हातात तुमची, एका हातात माझी. … दोन्ही जोड्यांतली एकेक उरन, उरू द्या. … उजव्या हातात माझी.

मंग? पॅन्ट कोणाची आहे?

हं. ठरलं तं. … नाही, घरी नका येऊ, तुमची घाई राहीन. आम्हीच येतो मानाले. … हो, गुडघा येते. … पिशवी आणतो, अन् लाडूबी आणतो थोडे. माझे वरून ठेवा. … अहो, परवा विमानतळावर जायचं आहे, दाढी करजा.

अन् ऐका. पॅन्ट वापस पाहिजे मले. … हो, सांगून ठेवते. पुढच्याच्या वेळेस माझा नंबर आहे. निधीले आतापासूनच सांगजा. … तिले आताच नको? बरं, चालीसाव्या दिवसानंतर सांगा.

अन् धुऊ नका. … आणताना. … पाण्याचं नाही म्हणून राहिली मी, पाण्यानं काही नाही होत तिले. … तुमी बसमधून त्याले मांडीवर घेऊन जाल ना. दूध काढन ते, लाळ गाळन. … तशीच आणजा. घडी करून, पिशवीत, तशीच.

… हो.

… हो, ठेवते.