गपचूप निवडू नका

"हॅलो? … हो, मीच. … काकू? बोला ना, काकू."

ती खुर्ची मागे सरकवून उठली आणि ऑफिसच्या खिडकीपाशी गेली. फोन सरांच्या बायकोचा होता. सरांना जाऊन सतरा दिवस झाले होते. अकरा वर्षं त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसून ती काम शिकली होती. या सतरा दिवसांत तिला एकदाही रडू आलं नव्हतं. वेळेवर यायची, डबा खायची, घरी जायची.

"कामात कसली… बोला. … हॉस्पिटलची पिशवी? आज उघडलीत होय. … कागद? … औषधांच्या चिठ्ठीच्या मागे, बरं. … कविता? नाही हो, काकू, सर आणि कविता… वाचा बघू."

"चौकोनी कंस… हं… ग्रुप… अवतरण चिन्हात 'छपाई'. … एकाखाली एक दोन टिंबं, हो, कोलन. … खालची ओळ किती आत आहे? … बोटं नाही हो, किती अक्षरांची जागा सोडलीय? … चार. हं. सरांचंच आहे."

"सांगते ना. आपलं सॉफ्टवेअर लोकांचा कोड सांभाळतं. कालचा, परवाचा, सगळा. … हां. तर एकेका कंपनीकडे त्या कोडचे शे-दोनशे तुकडे असतात. छपाईला त्यातले वीस लागतात, पडद्यावर दाखवायला तीस. मग त्यांचे ग्रुप करून एका फाईलीत लिहायचे. ती फाईल कशी लिहायची, याचे नियम आम्ही दोघं ठरवत होतो. … हो, नुसते कंस आणि टिंबं. सात महिने. … अहो, लोक पुढे पंधरा वर्षं तसंच लिहिणार ना, म्हणून."

"पुढे वाचा. … 'छपाई'खाली अक्षरं, शाई… बरं. आणि 'पडदा'खाली? … रंग, आणि? … परत वाचा. … अक्षरं? दोन्हीकडे अक्षरं आहे?"

तिने खिडकीच्या चौकटीला हात टेकला. दोघांचं वाजलं होतं ते यावरूनच. सरांचं म्हणणं, एक तुकडा एकाच ग्रुपमध्ये. तिचं म्हणणं, कितीही ग्रुपमध्ये चालला पाहिजे. शेवटच्या मीटिंगमध्ये ती सगळ्यांदेखत म्हणाली होती, "सर, आता तुमच्या वेळेसारखं काही राहिलं नाही." त्यानंतर ते कामावर आले ते चारच दिवस, आणि बोलले नाहीत. मग हॉस्पिटल. आज सकाळी तिचा नियम एकमताने पास झाला. विरोध करणारं माणूसच उरलं नव्हतं. चार वाजता सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन ग्राहकांकडे जाणार होतं.

"ऐकतेय, ऐकतेय. … म्हणजे पटलं होतं त्यांना. माझं. … खाली अजून आहे? … 'दोन ग्रुप एकाच तुकड्याचं वेगवेगळं व्हर्जन मागत असतील तर'… तर काय? … 'तर थांबवा. माणसाला विचारा. गपचूप निवडू नका.'"

"… नाही, माझ्या नियमात एकाने कालचा तुकडा मागितला, दुसऱ्याने परवाचा, तर सॉफ्टवेअर गपचूपच निवडतं. शेवटी जे लिहिलंय ते घेतं आणि पुढे जातं. काहीतरी बिघडेपर्यंत कुणाला कळायचंही नाही. … नाही, मला नाही सुचलं, काकू."

मॅनेजर येऊन शेजारी उभा राहिला, मनगटावरचं घड्याळ दाखवत.

"एक मिनिट हं, काकू. … नाही, चारला नाही जाणार. … थांबवा म्हणतेय. … सकाळी नव्हती हरकत, आता आहे. … कुणाची म्हणजे? सरांची."

मॅनेजरने घड्याळाचा हात खाली घेतला. तिने त्याच्याकडे पाठ केली.

"हां, काकू. … अजून एक ओळ? … 'तिला फोन करणे.' … हो. केला होता त्यांनी. गुरुवारी दुपारी. … मीटिंगमध्ये होते मी. … नाही. काकू, मीटिंगमध्ये नव्हते. फोन हातातच होता. नाव बघितलं आणि वाजू दिला. … वाटलं, परत तेच ऐकवतील. … नंतर करू म्हटलं. आणि शुक्रवारी तर…"

"काकू? … आहात ना? … हो. … तुम्हाला काय म्हणाले ते? … 'कामात असेल.' … एवढंच?"

आता येईल रडू, म्हणून ती थांबली. खाली रस्त्यावर एक माणूस दुकानाची काच पुसत होता. तो ती पुसतच राहिला.

"नाही, रडत नाहीये. येतच नाही. … तुम्हालाही? … अजून एकदाही नाही? … हं."

"येते ना. सहाला निघते. … कागद मला नको, तो तुमच्याकडेच राहू दे. मी फोटो काढून घेईन. … हो, जेवेन तिथेच. … ठेवा तुम्ही. … नाही, मी नाही ठेवणार. तुम्ही ठेवा आधी."

पलीकडेही कुणी ठेवेना. ती फोन कानाशी धरून तशीच उभी राहिली, लाईन तुटेपर्यंत.