दहा लाख नऊ

(स्वयंपाकघरातलं टेबल, त्यावर भागाकारांचे कागद. ताई शाळेत गणित शिकवतात. मेंदूच्या झटक्यानंतर उजवा हात वळत नाही, म्हणून डाव्यानं लिहितात. समोर धाकटी बहीण.)

ताई : संपलं. नऊशे सत्त्याण्णवनंही भाग जात नाही.

धाकटी : म्हणजे सुटलो एकदाचे?

ताई : दहा लाख नऊ ही मूळ संख्या. एक आणि ती स्वतः, तिसरं कोणी तिला भागत नाही.

धाकटी : हजाराच्या पुढचे राहिले की!

ताई : गरज नाही. पुढचा कोणी भागत असता, तर त्याचा जोडीदार हजाराच्या आत सापडला असता. आता मोबाइलमध्ये बघ. बरोबर असेल तर सोमवारी वर्गात. चूक असेल तर राजीनामा. ठरलंय आपलं.

धाकटी : तुझं ठरलंय. मी फक्त आकडा दिला, तोही भाजी चिरताना तोंडाला आला तो.

ताई : बघतेस ना?

धाकटी : मघाशीच बघितलं.

ताई : मग?

धाकटी : चहा टाकू का?

ताई : विषय बदलू नकोस.

धाकटी : मूळ नाहीये गं. भाग जातो. खोटं सांगणार होते, पण तुझ्यासमोर धीर होईना.

ताई : कोण भागतो?

धाकटी : दोनशे—

ताई : थांब! मी शोधते.

धाकटी : पुन्हा? हाताची काय दशा झालीय बघ जरा.

ताई : दोनशेच्या घरात आहे, एवढं बोललीसच. ते कागद सरकव. दोनशे अकरा... बरोबर. एकाहत्तर... बरोबर. त्र्याऐंशी, हेही. दोनशे... हे काय लिहिलंय, वाच.

धाकटी : दोनशे शहाण्णव.

ताई : शहाण्णव! विषम संख्येला सम संख्येनं भागत बसले मी? पाचवीतलं पोर हसेल.

धाकटी : दमली असशील.

ताई : छे! डोक्यात त्र्याण्णवच होतं. दमला की हा हात तीन उलटा काढतो. उलटा तीन म्हणजे सहा. मग मीही सहाच वाचला आणि पुढे गेले. पेन दे. दोनशे त्र्याण्णव त्रिक आठशे एकोणऐंशी... उरले एकशे एकवीस...

धाकटी : सावकाश.

ताई : ...शेवटी पुन्हा आठशे एकोणऐंशी. बाकी शून्य! दोनशे त्र्याण्णव गुणिले तीन हजार चारशे तेरा.

धाकटी : अगदी हेच आहे इथं! ताई, डोकं शाबूत आहे गं तुझं. किती घाबरले होते मी!

ताई : मी काय कमी घाबरले होते?

धाकटी : पण राजीनाम्याचं ठरलं होतं...

ताई : चूक हाताची, आणि राजीनामा डोक्यानं द्यायचा? नाही देणार.

धाकटी : मुख्याध्यापकांना काय कळवू मग?

ताई : सोमवारी येते म्हणून. आणि एक कोरा कागद दे.

धाकटी : आता आणखी कशाला?

ताई : फळ्यावर तीन उलटा पडून चालणार नाही. गिरवायला बसते.