कवळीवाला कॅप्टन

ठमी : ते पायडल तरी सोफ्याखाली ढकल, बाबा. प्लीज.

बाबा : पायडल ढकललं तर विमान वळवू कशाने? डोळ्यांनी?

ठमी : आज विमान वळवायचं नाही. आज चहा प्यायचा आणि चांगला माणूस दिसायचं. तो येईलच इतक्यात.

बाबा : येऊ दे की. मुलगा विमान कंपनीत आहे म्हणालीस ना? असा श्रोता मला जन्मात मिळाला नाही. माझ्याकडे कवळीच्या मापाला येणारे सगळे आ वासून बसतात, पण बोलता एकालाही येत नाही.

ठमी : आणि हो, कवळ्यांचं नाव काढू नकोस. मी त्याला सांगितलंय की तू दातांच्या दवाखान्यांना माल पुरवतोस.

बाबा : माल?

ठमी : तो टूथब्रश समजलाय. समजू दे. आणि त्याच्यासमोर मला ठमी म्हणायचं नाही.

बाबा : एवढं लपवायचं तर मीच सोफ्याखाली जातो. पायडल बसेल वर, चहा घेत. काय झालंय काय तुला?

ठमी : बाबा, तो विमान उडवत नाही. विमानावरचं चित्र सांभाळतो.

बाबा : म्हणजे पुसतो?

ठमी : म्हणजे कंपनीची ती केशरी शेपटी, त्यावरचा पांढरा सारस. कोणी न विचारता टोपीवर छापला, पिशवीवर छापला, की हा त्याला गाठतो आणि काढायला लावतो. तीच त्याची नोकरी.

बाबा : चांगली नोकरी आहे. लोक फार सोकावलेत हल्ली.

ठमी : कॉम्प्युटरच्या खेळात छापला तरीसुद्धा.

बाबा : ...हं.

ठमी : पडला का उजेड?

बाबा : पायडल जाईल सोफ्याखाली. पण खेळातलं विमान चालवायचा हा दांडा? तो टेबलाला स्क्रूने बसवलाय.

ठमी : त्याच्यावर टॉवेल टाक. अरे, महिनाभर तो माझ्यापाशी एकाच माणसाचं गाऱ्हाणं गातोय. म्हणे नेटवर कुणी 'कवळीवाला कॅप्टन' आहे, खेळासाठी आमची सगळी विमानं रंगवतो, लोकांना फुकट वाटतो, आणि तीही इतकी हुबेहूब! मला ठसका लागला तर पाठ थोपटत बसला बिचारा.

बाबा : हुबेहूब म्हणाला?

ठमी : बाबा!

बाबा : नाही, नेमका शब्द कोणता वापरला, तेवढं सांग.

ठमी : 'हुबेहूब.' आणि पुढे म्हणाला, सोमवारी त्याला सगळं काढायला लावतो. म्हणून म्हणते, तूच आधी काढून टाक. विमान तेच राहील ना? पांढरं ठेव. उडायला काय रंग लागतो?

बाबा : हिरव्या दातानेही चावता येतं. बसवू तुला?

ठमी : फाटे फोडू नकोस.

बाबा : फोडत नाही. ऐक. त्याची बदली समुद्रापलीकडे. म्हणजे तुझं घर तिकडे, लग्नही तिकडेच. आणि तिकडे जाणारं विमान एकच, त्याच्या कंपनीचं. बरोबर?

ठमी : बरोबर.

बाबा : आणि मी विमानात बसलेला माणूस नाही.

ठमी : बसायला गेला होतास की! आत्याकडे जाताना. विमानाच्या दारापर्यंत गेलास, तिथून जो वळलास तो थेट टॅक्सीत. आई गेली, बॅग गेली, तू घरी. आई शेवटपर्यंत ते सांगून हसायची.

बाबा : बॅगेला काय जातंय, तिला भीती वाटत नाही. मी काय करतो सांगू? रोज संध्याकाळी हे विमान वर नेतो, यंत्राच्या हवाली करतो आणि त्या मागच्या खुर्चीत जाऊन प्रवासी होतो. पडद्यावर प्रवाशाची खिडकी लावतो. पंख दिसतो, पंखाचं टोक केशरी. पहिल्या दिवशी दोन मिनिटांत उठलो होतो. आता बसतो. पण पांढऱ्या पंखाने नाही गं भागायचं. सराव पांढऱ्याचा, आणि ऐनवेळी समोर केशरी आलं, की पाय पुन्हा टॅक्सीकडे वळायचे.

ठमी : ...तो खुर्चीला बांधलेला पट्टा त्यासाठी आहे?

बाबा : जुन्या पँटचा आहे. चांगला आवळतो. ठमे, मला तुझ्या लग्नाला यायचंय.

ठमी : मग हे मला आधी का नाही सांगितलंस?

बाबा : काय सांगू? की तुझा बाप घरातल्या घरात स्वतःला खुर्चीला बांधून लटपटत बसतो?

ठमी : बाबा...

बाबा : रडू नकोस, बेल वाजली. टॉवेल कुठाय? अगं, टॉवेल टाक!

पाहुणा : नमस्कार, काका. आत येऊ ना? हे तुमच्यासाठी. कंपनीचं नवीन कॅलेंडर. तसं बघितलं तर किरकोळच आहे, पण यातली चित्रं मी स्वतः निवडली आहेत.

बाबा : वा, या, या. बसा. नाही, त्या खुर्चीवर नको! तिचा पाय मोडलाय.

पाहुणा : असू दे, असू दे. छान आहे घर. हे टॉवेलखाली काय आहे?

ठमी : शिवणयंत्र.

बाबा : दातांचं यंत्र.

पाहुणा : म्हणजे... नक्की काय?

बाबा : दोन्ही. चहा घ्या. मी आपलं कॅलेंडर बघतो. जानेवारी, छान. फेब्रुवारी, ठीक. मार्चला ढग जरा जास्त झालेत. एप्रिल... अरे! अरे! ठमे, इकडे ये!

ठमी : बाबा, ते नाव...

बाबा : नावाचं राहू दे, हे बघ आधी!

पाहुणा : आवडलं ना? सगळ्यांना तेच पान आवडतं. विमान ढगांवर वळतंय, शेपटीवर ऊन आहे. साहेबांनी तर मोठं करून केबिनमध्ये लावलंय.

बाबा : हा फोटो काढला कोणी?

पाहुणा : म्हणजे... आमच्या फोटोंच्या साठ्यात होता. कोणीतरी नेटवरून उतरवून ठेवला असावा. अस्सल दिसला म्हणून घेतला.

बाबा : अस्सल! बरं, आता चष्मा पुसा आणि बघा. विमानाच्या नाकाशी, चालकाच्या खिडकीखाली काय लिहिलंय?

पाहुणा : तिथे काही नसतं, काका. आमच्या नियमांतच आहे, की नाकावर... थांबा. हे बारीक काहीतरी... 'ठमी'? ठमी कोण?

बाबा : आता तीच सांगेल.

ठमी : मी. घरातलं नाव आहे. हसलास तर याद राख.

पाहुणा : हसत नाहीये. पण तुझं नाव आमच्या विमानावर कसं?

बाबा : विमान तुमचं नाहीच, माझं आहे. काढ गं तो टॉवेल.

(ठमी टॉवेल ओढते. पाहुणा चहाचा कप तसाच हातात धरून उभा राहतो.)

पाहुणा : म्हणजे तुम्ही दवाखान्यांना जो माल पुरवता तो...

बाबा : कवळ्या.

पाहुणा : आणि तो कॅप्टन...

बाबा : मीच. दुकान बंद झाल्यावर.

पाहुणा : अरे देवा.

ठमी : म्हणजे बाबाने तुमचं चित्र उचललं, आणि तुम्ही बाबाचं अख्खं विमान उचललंत. चोरावर मोर!

पाहुणा : तू हस. सोमवारी मी यांना 'आमचा सारस काढा' म्हणून सांगणार होतो, आणि इकडे यांचाच सारस आम्ही भिंतीवर टांगलाय! कोणाला कळलं तर माझ्या नोकरीचं काय होईल?

बाबा : कोणाला कळणार नाही. मी आत्ता बसतो आणि सगळी विमानं काढून टाकतो. तुम्ही काही पाहिलं नाही, मी काही रंगवलं नाही. जावयाच्या पोटावर पाय देऊन मला सराव करायचा नाही.

पाहुणा : सराव? कसला सराव?

बाबा : कसला नाही. चहा गार होतोय.

ठमी : मी सांगते. बाबाला विमानात बसायची भीती वाटते. लग्नाला येता यावं म्हणून तो रोज तुमच्या विमानात बसून बघतो. त्या खुर्चीत. पट्टा बांधून.

पाहुणा : पाय मोडलाय म्हणालात, ती?

बाबा : तिचे शाबूत आहेत. माझेच लटपटतात.

पाहुणा : ...मी एक फोन करतो.

ठमी : कोणाला?

पाहुणा : साहेबांना. आज ऑफिसात आहेत. हॅलो, सर? केबिनमध्येच ना? जरा भिंतीवरचं विमान बघता का... नाकापाशी... अजून जवळून, सर... हो, 'ठमी'च. नाही, आपल्याकडे ठमी नावाचं विमान नाही. सर, तसं बघितलं तर ते विमानच नाही, खेळातलं आहे... हो, तोच, कवळीवाला... त्यांच्याच घरी बसलोय... नाही, कारवाईसाठी नाही, सोयरिकीसाठी... हो, सर... होय, चूक माझीच, निवड माझी होती... पण ते का रंगवतात तेही ऐका, सर. त्यांना मुलीच्या लग्नाला यायचंय, आपल्या विमानाने, आणि भीती वाटते म्हणून घरी बसून सवय करतायत... हो, आपल्याच रंगाची... बरं, सर. सांगतो.

बाबा : गेली का नोकरी?

पाहुणा : नाही हो. आधी मला वाटलं, खोकतायत. पण ते हसत होते. म्हणाले, ज्याचं विमान आपल्याला खोटं म्हणून ओळखता आलं नाही, त्याला कोणत्या तोंडाने काढायला सांगायचं? लेखी परवानगी देतायत, काका. फक्त दोन अटी. एक, हे कंपनीचं काम नाही असं स्पष्ट लिहायचं.

बाबा : लिहितो. ठळक लिहितो.

पाहुणा : दुसरी, आपटलेल्या विमानाचं चित्र कुठेही टाकायचं नाही.

बाबा : मी आजवर एकही विमान आपटलेलं नाही.

ठमी : मंगळवारी समुद्रात गेलास.

बाबा : समुद्रात उतरवलं. त्याला आपटणं म्हणत नाहीत.

पाहुणा : आणि कॅलेंडरबद्दल बाहेर कुठे बोलू नका. ही अट नाही, साहेबांची विनंती आहे.

बाबा : मी काय बोलणार! पण एक विचारायचं राहिलं. खऱ्या विमानाच्या नाकावर काहीच नसतं म्हणालात?

पाहुणा : काहीच नाही. कोरं असतं.

बाबा : कोरं... मी रोज चढायच्या आधी तेवढं वाचतो हो. मग कुठे पाय उचलतो.

पाहुणा : नाव नसेल, काका, पण ठमी असेल. तुमच्या शेजारच्या सीटवर. तुम्हाला न्यायला आम्ही दोघं येऊ.

ठमी : तुला ठमी म्हणायची परवानगी कोणी दिली?

पाहुणा : लेखी मागू?

ठमी : गप. आणि ऐक, खिडकीची जागा बाबाला द्यायची. एवढा सराव केलाय त्याने.

बाबा : नको, खिडकी तू घे. मी तुझा हात धरून डोळे मिटून बसेन, आणि बाहेर काय काय दिसतंय ते तुला सांगत जाईन.