सासूबाई, मका आणि मी

आदरणीय अध्यक्षा वासंतीताई, आजच्या सत्कारमूर्ती रेखाताई, म्हणजे माझ्या सासूबाई, आणि दीड-दीड मीटरवर बसवलेल्या सिडनीच्या टूनगॅबीकर मित्रमंडळींनो,

मी गंधार. ठरलेले वक्ते आयसोलेशनमध्ये, म्हणून जावयावर भागवताय.

मी युनिव्हर्सिटीत पिकांवर संशोधन करतो. माझ्या जर्मन गाईडचा एक लाडका शब्द होता, ‘त्सुख्टफोर्म’. माणसाने पिढ्यान् पिढ्या पाळून, निवडून घडवलेले प्राणी आणि झाडं. शब्द मास्क लावूनच उच्चारावा असा आहे. पहिली रांग, सॉरी!

आई फेब्रुवारी दोन हजार वीसमध्ये इथे केलीव्हिलला आमच्या घरी तीन महिन्यांसाठी आल्या आणि एकवीस महिने अडकल्या. लॉकडाऊनमध्ये या डॉक्टरेटवाल्याने बॅकयार्डात मका लावला. मेला. त्याच मातीत आईंनी अळू लावलं, आणि आज तुमच्या निम्म्या घरांत त्याची रोपं आहेत. तर सत्कार त्यांचा आणि भाषण माझं, हे रास्तच झालं.

एकदा बाजारातलं कणीस हातात घेऊन मी त्यांना शिकवलं, ‘‘मक्याचे दाणे आपोआप सुटत नाहीत. कुणी सोलून दिले तरच वंश पुढे चालतो.’’

‘‘म्हणजे जावईबापू, तुमच्यासारखंच की!’’

हसा, हसा. सावनी, माझी बायको, वेस्टमीड हॉस्पिटलात शिफ्टवर. डबे, पोरांचं होमस्कूलिंग, झूमआधी माझ्या शर्टाला इस्त्री, सगळं आई.

आता जे कार्यक्रमपत्रिकेत नाही ते. सप्टेंबर वीसमध्ये, भारतात जाणाऱ्या खास विमानात आईंना जागा असल्याचा फोन मला आला. चोवीस तासांत हो म्हणायचं होतं. मी कुणालाच सांगितलं नाही. विमानात संसर्गाचा धोका, अशी स्वतःची समजूत घातली. खरं कारण? त्या आठवड्यात माझी लेक्चर्स होती, आणि पोरांकडे कोण बघणार!

ऑक्टोबरात पुण्याला श्रीनाथच्या, आईंच्या मुलाच्या, लेकीचं बारसं झालं. आईंनी ते जरीची साडी नेसून आयपॅडवर पाहिलं. पाळण्याची दोरी धरल्यासारखा त्यांचा हात हलत होता. मी शेजारी उभा राहून वायफाय तपासत होतो.

ती पोर आता चालते. तिचं रांगणं बघायचं तुमचं हुकलं, आई, ते माझ्यामुळे. मला फार लाज वाटते.

मंडळाचे आणि अळूवड्या करणाऱ्या सगळ्यांचे आभार. भाषण लांबलं, उच्चार चुकले, ते सभागृहाने पोटात घालावं. उरलेलं माफ करायचं की नाही, हे आईंनी पुण्याला पोचून सावकाश ठरवावं.

काय, आई? ... डाव्या खिशात? ... हो. रुमाल सापडला.

धन्यवाद.