आधी घरचं पाणी दाखवा

आजच्या सभेच्या अध्यक्षा, आपल्या मुक्या जिवांच्या डॉक्टर शिवानीताई. सत्कारमूर्ती गुरुबसप्पा, म्हणजे तुम्हा-आम्हा सगळ्यांचे अप्पा. त्यांच्या शेजारी बसलेल्या नीलम्मावहिनी. मत्स्यप्रेमी मंडळाचे चिटणीस अनिलकुमार. आणि सोलापुरात राहून मासे जगवणाऱ्या माझ्या धाडसी बंधुभगिनींनो,

धाडसी म्हणालो, कारण ज्या गावात माणसाला चार-पाच दिवसांनी नळाचं पाणी मिळतं, तिथं माशांसाठी बॅरल भरून ठेवणं हे धाडसच आहे. (हसू नका, नीलम्मावहिनी. तुमच्या घरी आधी कुणाचं बॅरल भरायचं, ते मला अप्पांनी सांगितलंय.)

चिटणिसांनी मला सात मिनिटं दिलीत. चाळीस वर्षं मी या शहरात बोलतो आहे. गिरणीच्या फाटकावर बोललो, कॉलेजात बोललो, मोर्चात टेंपोवर उभा राहून बोललो. सात मिनिटांत माझं प्रास्ताविकही कधी संपलेलं नाही. तरी प्रयत्न करतो.

अप्पा अडतीस वर्षांचं माशांचं दुकान बंद करून येत्या गुरुवारी मुलाकडे हुबळीला चालले आहेत. तुम्ही सगळे जुने गिऱ्हाईक. मी सगळ्यांत नवा, गेल्या उन्हाळ्यातला. मग मी का बोलतोय? तर ज्याला या दुकानातून सर्वांत जास्त वेळा रिकाम्या हातानं परत पाठवलं गेलं, तो माणूस मी आहे.

पहिल्या दिवशी गेलो आणि म्हणालो, "तीन फुटी टाकी घेतोय. सिक्लिड कुळातले मासे पाहिजेत. एक ऑस्कर द्या, दोन एंजल द्या, ते पिवळे द्या, निळे द्या. सगळ्या जातीचे एकत्र नांदले पाहिजेत."

अप्पा म्हणाले, "बेडा सर, बेडा. नको. तीन फुटांत ऑस्कर म्हणजे रिक्षात यष्टी घातल्यागत हुईल. आन् हे मासे काय तुमचं भाषण ऐकत न्हाईत. याचं पाणी येगळं, त्याचं येगळं. घरचं पाणी आणलाय का?"

तुम्हाला ही रीत ठाऊक आहे. अप्पांकडे माशांआधी घरचं पाणी दाखवावं लागतं. एक बाटली नळाची, एक बोअरची. ते त्यात तपासणीच्या औषधाचे थेंब टाकणार, रंग बघणार, आणि मग ठरवणार तुम्हाला कोणता मासा द्यायचा. मी विचारतो, आलेल्या गिऱ्हाइकाला "तुमच्याकडं हा जगणार न्हाई" असं सांगून परत पाठवणारे दुकानदार या बाजारात किती उरले? बाजाराला एवढं नैतिक बळ असतं तर मला चाळीस वर्षं घसा फोडावा लागला नसता!

दुसऱ्या दिवशी बाटल्या घेऊन गेलो. अप्पा थेंब टाकता टाकता बोलले, "लई जड पाणी, सर, क्षारच क्षार. पण ह्या वयात मासे कुणासाठी?"

सभागृहात खोटं बोलणं मला जमतं, अप्पांसमोर जमलं नाही. मी म्हणालो, "मुलगी जर्मनीत असते. सहा वर्षांत आली नाही. लहानपणी तिचे दोन मासे होते. तसे घरात असले तर..."

वाक्य पुरं झालं नाही. अप्पांनीच विचारलं, "कोणते होते?"

"मासे होते."

"मासे व्हय, पण कोणते? उभे का लांबट? पट्टे होते का?"

मित्रहो, मला माहीत नव्हतं.

सृष्टी दहा वर्षांची होती. मामानं तिला काचेच्या बरणीत दोन मासे आणून दिले. मी म्हणालो, माझ्या घरात कैदी नकोत. स्वातंत्र्यदिन जवळ होता. झेंडावंदन झाल्यावर मी तिला तळ्यावर नेलं, दहा-वीस माणसं जमली, मी पारतंत्र्यावर बोललो आणि तिच्याच हातानं बरणी उपडी करवली. टाळ्या पडल्या. घरी येताना तिनं विचारलं, "बाबा, त्यांना तिथलं पाणी चालेल का?" मी म्हणालो, "स्वातंत्र्याचं पाणी सगळ्यांना चालतं."

किती सुंदर वाक्य! आणि किती अडाणी.

गेल्या उन्हाळ्यापर्यंत ती महिन्यातून एकदा फोन करायची. बरे आहात? गोळ्या घेताय? बरं, ठेवते. तिची आई गेल्यापासून एवढंच.

अप्पा म्हणाले, "मोबाईल हाय की. तिलाच इचारा. तोवर टाकी तशीच चालू ठिवा, पाणी मुरू द्या. आन् सर, सवाल इचारायचा आन् गप बसायचं. जमंल का?"

पंचवीस दिवस माझ्या हॉलमध्ये रिकामी टाकी बुडबुडत होती. दिवा लागायचा, पाणी फिरायचं, आत कुणी नाही. हजारांच्या सभेला मी घाबरलो नाही. एका फोनला घाबरलो. शेवटी एका रविवारी दुपारी लावला.

"सृष्टी, तुझे ते मासे कोणते होते गं?"

तिनं विचारलं, "का?"

"टाकी घेतलीय." पुढे 'त्याचं असं आहे की' एवढं ओठांवर आलं होतं. गिळलं.

मग ती बोलायला लागली. एंजल होते. रुपेरी, काळ्या पट्ट्यांचे. एकाचा पर फाटका होता, तो नेहमी बरणीच्या कडेला टेकायचा. चाळीस मिनिटं बोलली. शेवटी म्हणाली, "सोडून दिले त्याचं एवढं नाही, बाबा. दहा दिवस बरणी तुमच्या टेबलावर होती. तुम्ही एकदाही वाकून बघितलं नाहीत."

"ऐकताय ना?" तिनं विचारलं. म्हणालो, "ऐकतोय."

एंजलला आपलं पाणी सोसणार नाही, असं अप्पा म्हणतात, हे तिला सांगितलं. ती म्हणाली, "मग तुमच्या पाण्यात जगतील तेच घ्या." दुसऱ्या दिवशी अप्पांनी मला सहा पिवळे मासे दिले. आफ्रिकेतल्या जड पाण्याच्या तळ्यातली जात. अडतीस वर्षांत त्यांनी कितीजणांना मासे दिले असतील; किती बापांना फोन करायला लावलं, याची नोंद कुणी ठेवली आहे?

आता दर रविवारी मी मोबाईल काचेला टेकवून धरतो आणि ती बघते. गेल्या रविवारी म्हणाली, "बाबा, ती कडेची मासोळी खात नाहीये." मी घाबरून अप्पांना गाठलं. अप्पा हसले. "तोंडात अंडी धरलीत तिनं. तीनेक आठवडे खाणार न्हाई, तोंड उघडणार न्हाई. तुमी फकस्त हात घालू नका."

सृष्टीला कळवलं. तिनं तारीख मोजली. "म्हणजे पिल्लं वीस तारखेच्या आसपास सुटतील?" म्हटलं, "अप्पा तसं म्हणतात." मग म्हणाली, "रजेचं बघते."

या गोष्टीला आज सहा दिवस झाले. रजा मिळाली का, हे मी विचारलेलं नाही. तिची खोली मात्र झाडून घेतली आहे. अप्पा, गुरुवारी तुम्ही जाल, आणि विसाव्या तारखेला काही चुकलं तर मी बाटली घेऊन कुणाच्या दारात जायचं, हे मला खरंच माहीत नाही.

मंडळानं मला इथं उभं केलं, आपण शांतपणे ऐकलंत, आपले आभार. अप्पा आणि वहिनी, हुबळीचं पाणी तुम्हाला मानवो. मला दिलेली सात मिनिटं केव्हाच उलटली. बोलण्याच्या भरात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाला शब्द लागला असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. मला आता निघायला हवं. आज रविवार आहे, आणि तिचा फोन यायची वेळ झाली आहे.