पितळी कडी

हार्डवेअरच्या दुकानात रांगेत माझ्या पुढे नणंद-भावजय उभ्या होत्या.

“वहिनी, आईने तळघर खरंच रिकामं केलं?”

“ताई, ओळखणार नाही तुम्ही. भिंतींची ओल काढली, पांढरा रंग दिला. मधोमध कॅरम, वर लोंबता दिवा. बाबांचे टायर, मोडके पंखे, सगळं भंगारात.”

“बाबांनी देऊ दिलं?”

“आई म्हणाल्या, इतकी वर्षं तुमचं सामान बसलं तिथं, आता मी बसते.”

“आणि खेळते कुणाबरोबर?”

“एकट्याच. एकदा या खुर्चीवर, एकदा त्या. परवा विचारलं कोण जिंकलं, तर म्हणाल्या, समोरचीने लबाडी केली.”

“आईच ती. पण दाराला कडी कशाला?”

“आतून लावायला. सुताराने लावलेली बाबांनी काढून टाकली. म्हणाले, आत पडली-बिडली तर?”

“बरोबरच आहे की त्यांचं.”

“मीही तेच म्हटलं. तर म्हणाल्या, पडले तर हाक मारेन. पण या घरात आंघोळीशिवाय मी कधी आतून दार लावलेलं आठवतंय का कुणाला?”

“मग?”

“मला आठवेना. आज सकाळी बाबांनीच मला पाठवलं. पितळी आण म्हणाले, गंजणार नाही.”

दुकानदाराने कडी काउंटरवर ठेवली.

“काका, अशीच आणखी एक द्या.”

“ताई, तुमच्याकडे कुठे आहे तळघर?”

“खोलीचं बघू नंतर. कडी तर असू दे.”